खापर कुणावर फोडायचं?

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या ओटीजीतून 'टण्ण' असा आवाज आला. आवाज फार मोठा नव्हता, पण चांगला नव्हता हे लगेच कळलं. दार उघडून पाहिलं तर आतल्या जाळीवर ठेवलेल्या बेकिंग स्टोनचे सरळ दोन तुकडे झाले होते. स्टोन घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्यावर चार पिझ्झे आणि दोन पाव झाले होते. सहाचा भागाकार केला तर प्रत्येक पदार्थामागे साडेतीनशे रुपयांच्या वर खर्च बसत होता.

मी इंजिनिअर आहे. काहीही बिघडलं की आधी लॉग बघायची सवय आहे. इथे लॉग नव्हता, पण आदल्या रात्री काय केलं ते आठवत होतं. चीजचा डाग पडला म्हणून मी स्टोन नळाखाली धरून भांड्यांच्या साबणानं स्वच्छ घासला होता. हा दगड सच्छिद्र असतो. त्यानं रात्रभर पाणी धरून ठेवलं. सकाळी मी ओटीजी थेट २५० अंशांवर लावला. पोटातल्या पाण्याची वाफ झाली, तिला निघायला पुरेसा वेळ मिळाला नाही आणि दगडानं जीव सोडला. खोक्यात घडी करून ठेवलेल्या कागदावर 'धुऊ नका, फक्त खरवडा' असं लिहिलेलंही सापडलं. विकणाऱ्यावर खापर फोडायची सोय राहिली नाही.

आजी तेव्हा पुण्यात आमच्याकडे आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "काय फोडलं?"

"दगड."

"केवढ्याला होता?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचं खापर बरं होतं. फुटलं तरी कुंभार दुसरं द्यायचा."

मी त्या दोन तुकड्यांपासून सुरुवात केली होती ती निव्वळ चुकीचं कारण शोधायला. पुढचे काही महिने मी भाजायच्या दगडांचा इतिहास वाचत बसलो, त्याला आजीचं हे वाक्य कारणीभूत आहे.

*

आधी दगड लागतोच कशाला, ते सांगतो. घरच्या ओव्हनमधली हवा २५० अंशांची असते, पण हवा उष्णतेच्या बाबतीत कंगाल असते. त्याच तापमानाच्या हवेत आपण क्षणभर हात घालू शकतो, तितक्याच तापलेल्या तव्याला मात्र बोट लावू शकत नाही. दगड म्हणजे उष्णतेची पॉवरबँक. तो पाऊण-एक तास तापवत ठेवायचा. कच्चं पीठ त्यावर पडलं की साठवलेली उष्णता तो खालून एकदम देतो. त्यामुळे तळ कुरकुरीत होतो आणि आतल्या पाण्याची झटकन वाफ होऊन पाव फुगतो. पत्र्याच्या ट्रेमध्ये एवढी साठवण नसते. म्हणून ट्रेवरचा पिझ्झा वरून शिजतो आणि खालून ओल्या पुठ्ठ्यासारखा राहतो.

हे माणसाला फार पूर्वीच कळलं होतं. जॉर्डनच्या ईशान्येला काळं वाळवंट म्हणून प्रदेश आहे. तिथल्या शुबैका नावाच्या जागी उत्खननात दगडी चुली सापडल्या आणि त्यांच्या राखेत जळालेल्या भाकरीसारख्या पदार्थाचे कण मिळाले. २०१८ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं. ते कण साधारण १४,४०० वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेती सुरू होण्याच्या चारेक हजार वर्षं आधीचे. रानटी धान्य आणि पाण्यातल्या वनस्पतींचे कंद कुटून ती भाकरी केलेली होती. चुलीचे दगड होते बसाल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा असतो त्याच जातीचा काळा दगड. पेरायला शिकण्याआधी माणूस भाजायला शिकला होता.

पण तो दगड तिथेच सापडलेला आणि तिथेच वापरलेला होता. मला शोधायचा होता तो माझ्यासारखा माणूस, बाजारात जाऊन पैसे मोजून भाजायचा दगड घरी आणणारा. तो भेटला नॉर्वेत. तिथल्या हार्डांगर भागात ओल्व्हे नावाच्या गावाजवळ शंखजिऱ्याचा अंश असलेल्या मऊ खडकाच्या खाणी आहेत. साधारण १२व्या शतकापासून तिथे त्या खडकाच्या पातळ गोल चकत्या काढल्या जात. एका बाजूला छिन्नीनं बारीक खाचा पाडलेल्या असत. या चकत्या विस्तवावर ठेवून त्यावर सातू-ओटच्या पातळ भाकऱ्या भाजायच्या. होड्यांमधून हा माल बर्गनच्या बाजारात आणि समुद्रापलीकडे शेटलंड बेटांपर्यंत जात असे.

बर्गनच्या जुन्या धक्क्यावर उत्खनन झालं तेव्हा या दगडांचे ढिगानं तुकडे सापडले. अर्धे, पाव, काही हातात मावतील एवढे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगड विकत घेतला, वापरला, तो फुटला, त्या माणसानं कपाळाला हात लावला आणि तुकडे कचऱ्यात टाकले. माझे तुकडे त्या वेळी बाल्कनीत कुंडीखाली ठेवलेले होते. एकदम बरं वाटलं.

*

सगळीकडे मात्र गोष्ट इतकी घरगुती राहिली नाही. चपटा दगड कुणाच्याही चुलीवर बसतो, पण घुमटाची भट्टी बांधायची तर जागा, विटा आणि भरपूर सरपण लागतं. त्यामुळे भट्टी आली की मागोमाग मालकही आला.

व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इसवीसन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १८६२ साली एका बेकरीची भट्टी उघडली, तेव्हा आत ८१ पाव होते. कोळसा झालेले, पण आकार तसाच, वरून आठ भागांत कापलेले. या फोटोवर सगळे हळहळतात, मीही हळहळलो. मग डिसेंबर २०२३ मधली बातमी वाचनात आली. त्याच शहरात आणखी एक बेकरी खणून काढली आहे, जिच्या कामाच्या खोल्यांना बाहेर जायचं दारच नव्हतं. उजेडाला उंचावर छोट्या खिडक्या, त्यांना लोखंडी गज. आत गाढवं आणि गुलाम माणसं मिळून जाती फिरवत. जनावरानं पाऊल कुठे टाकायचं याच्या खुणासुद्धा फरशीत कोरलेल्या होत्या. तेव्हापासून पॉम्पेईच्या पावाचा फोटो दिसला की मला आधी जातं दिसतं.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये यापेक्षा सभ्य व्यवस्था होती, पण तीही मालकाचीच. अनेक गावांत जमीनदाराची भट्टी असे आणि गावकऱ्यांनी आपला पाव त्याच भट्टीत भाजून घ्यायचा असा नियम होता. पीठ त्याच्या चक्कीत दळायचं, द्राक्षं त्याच्या चरकात गाळायची, पाव त्याच्या भट्टीत भाजायचा आणि प्रत्येक ठिकाणी मोबदला मोजायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लॅटफॉर्म एकच आणि कमिशन सक्तीचं. यामागे आगीची भीती आणि सरपणाची बचत ही खरी कारणंही होती. दोनशे घरांत दोनशे भट्ट्या पेटवण्यापेक्षा एक पेटवणं शहाणपणाचं. पण स्वतःची भट्टी बांधली तर दंड, यात शहाणपण कमी आणि वसुली जास्त. या हक्काला 'बनालिते' म्हणत आणि इंग्रजीतला 'बनाल' हा शब्द त्याच घरातला आहे. सगळ्यांनी वापरायची म्हणून सामाईक, सामाईक म्हणून सामान्य, सामान्य म्हणून रटाळ, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनं सरंजामी हक्क मोडीत काढायला घेतले आणि १७९३ मध्ये उरलेसुरले हक्कही भरपाई न देता रद्द झाले. राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला बास्तीय आणि गिलोटिन आठवतं. आपला पाव आपल्या भट्टीत भाजायची मोकळीकही त्याच क्रांतीत मिळाली, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

*

मग भट्टी घरात कशी आली? घरात गॅस आणि विजेचे ओव्हन आले, पण ते पत्र्याचे डबे होते. त्यात तापलेल्या विटेचा तळ नव्हता. १९७० मध्ये ज्युलिया चाइल्ड आणि सिमोन बेक यांच्या फ्रेंच पाककृतींच्या पुस्तकाचा दुसरा खंड निघाला. त्यात अमेरिकन घरात फ्रेंच पाव कसा करायचा हे सांगणारी वीसेक पानांची कृती आहे. ती जमवण्यासाठी ज्युलिया आणि तिचा नवरा पॉल यांनी जवळपास १३० किलो मैदा खर्ची घातला आणि शेवटी पॅरिसला जाऊन रेमों काल्व्हेल या पावशास्त्राच्या प्राध्यापकाकडून धडे घेतले. अडचण तीच होती, तळ तापत नाही. त्यावरचा त्यांचा तोडगा म्हणजे ओव्हनमध्ये आधी फरशी तापवायची आणि त्यावर पाव सोडायचा. फरशी कसली? अॅस्बेस्टॉस सिमेंटची! त्या काळी ती सहज मिळे आणि उष्णतेत टिके. अॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे जगजाहीर झाल्यावर तो सल्ला बदलून साध्या भाजक्या मातीच्या फरशा आल्या. चांगल्या पावासाठी लोक काय काय ओव्हनमध्ये ठेवत होते, हे वाचून मला माझ्या साबणाचं फारसं वाईट वाटेना.

आज मिळणारे बहुतेक चांगले स्टोन कॉर्डिएराइटचे असतात. पिएर लुई कॉर्डिए हे फ्रेंच भूवैज्ञानिक नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत गेले होते. त्यांचं नाव या खनिजाला दिलं आहे. तापल्यावर ते अगदी थोडं प्रसरण पावतं, म्हणून एकदम तापवलं-गार केलं तरी सहसा तडकत नाही. कुंभारकामाच्या भट्टीतले फळे याच मालाचे करतात. १९७०च्या दशकात कॉर्निंग कंपनीतल्या संशोधकांनी यातूनच मोटारीच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा जाळीदार गाभा बनवला. रस्त्यावरच्या कितीतरी पेट्रोल गाड्यांच्या पोटात माझ्या पिझ्झा स्टोनचा भाऊ बसलेला आहे.

दगड की पोलाद, हा वादही आता जोरात आहे. त्यावर दोन भौतिकशास्त्रज्ञ आणि एक खाद्य-मानववंशशास्त्रज्ञ यांनी २०१८ मध्ये एक गमतीदार पण पक्का निबंध लिहिला. विटांच्या भट्टीत ३३० अंशांना पिझ्झा दोन मिनिटांत होतो. वीट उष्णता बेतानं देते, म्हणून पीठ आणि वीट टेकतात तिथलं तापमान २१० अंशांच्या आसपास राहतं. त्याच ३३०ला पोलाद ठेवलं तर ते टेकलेल्या जागी ३०० अंशांवर जाईल आणि तळाचा कोळसा होईल. पोलादावर करायचा तर ओव्हन २३०ला आणायचा, मग १७० सेकंद लागतात. म्हणजे दगडाचा गुण तो किती तापतो यात कमी आणि किती संयमानं देतो यात जास्त. मातीचाही गुण तोच.

*

आता आजीच्या खापराकडे येतो.

आजीचं माहेर आणि सासर दोन्ही तापीकाठचं, जळगाव जिल्ह्यातलं. तिकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि आमरसाबरोबर खापरावरचे मांडे होतात. खापर म्हणजे मातीचं मोठं गोल भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. वस्त्रगाळ पीठ तिंबून तिंबून रेशमासारखं करायचं, दोन पाऱ्यांत पुरण भरायचं, लाटून घ्यायचं आणि मग दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत वाढवायचं. आरपार दिसेल एवढं झालं की खापराच्या पाठीवर सोडायचं. नागपूरकडची लंबी रोटी याच कुळातली.

हा प्रकार जुना आहे. १२व्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मंडक' येतो, तापलेल्या खर्परावर भाजलेला. खर्पराचं खापर झालं, मंडकाचा मांडा. नॉर्वेतला माणूस बर्गनच्या बाजारात दगड पारखत होता, त्याच शतकात आपल्याकडे राजा स्वतः मांड्यांबद्दल लिहीत होता.

आणि खापर म्हटल्यावर जी गोष्ट मराठी माणसाला आठवते, ती आळंदीची. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. संन्याशाची पोरं म्हणून त्या चार भावंडांना गावानं वाळीत टाकलेलं. विसोबा चाटीनं कुंभारांना बजावलं, हिला खापर द्यायचं नाही. मुक्ताबाई रिकाम्या हातानं परत आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळानं जठराग्नी पेटवून आपली पाठ तापवली आणि तिनं त्या पाठीवर मांडे भाजले. ते पाहून विसोबा शरमला, शरण आला, आणि हाच पुढे विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. महिपतीनं १८व्या शतकात 'भक्तिविजया'त ही कथा सांगितली आणि ती घराघरांत गेली.

लहानपणी मला यात फक्त चमत्कार दिसायचा. आता त्यातली पद्धत दिसते. माणसाला वाळीत टाकायचं तर त्याला मारावं लागत नाही. त्याला भाजायला काही मिळू द्यायचं नाही. धान्य आहे, हात आहेत, सरपण आहे, फक्त खापर नाही. फ्रान्सचा जमीनदार म्हणत होता, माझ्याच भट्टीत भाज. आळंदीचा चाटी म्हणत होता, कशावरच भाजू नकोस.

आणि हे काही १३व्या शतकात संपलं नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा कार्यक्रम झाला. हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशींनी वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत होते, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मिशनऱ्यांचा चहा आणि परक्याच्या भट्टीतली बिस्किटं, एवढ्यावर एका शहराची दोन-तीन वर्षं गेली. पंचहौद माझ्या जुन्या ऑफिसच्या बसच्या वाटेवर होतं. मी तिथून रोज बिस्किटं खात गेलो आहे.

*

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला ज्ञानेश्वरांच्या पाठीची गोष्ट माझ्या नव्या अर्थासकट सांगितली. थोडा रुबाबातच सांगितली. आजी लसूण सोलत होती. ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आमच्याकडे कुंभाराला कुणी अडवलं नाही. आखाजीला तो खापर आणून द्यायचा, त्याला पायली-दोन पायल्या गहू मिळायचे." मग जरा थांबून म्हणाली, "लाकडं मात्र बाहेरच्या वस्तीतली एक बाई आणायची. बाभळीची. खापराला जाळ एकसारखा लागतो, तिची लाकडं चांगली असायची. अंगणही तीच सारवायची."

"मग तिला काय मिळायचं?"

"मांडा मिळायचा ना. दोन मिळायचे."

"कसे द्यायचा?"

आजीनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "वरून टाकायचो. पदरात."

पुढे मी काही विचारलं नाही. त्या बाईचं नाव तिला आठवत नव्हतं, की मला सांगायचं नव्हतं, ते कळलं नाही. तिच्या लाकडाचा जाळ चालत होता, त्या जाळावर भाजलेला मांडा देवालाही चालत होता. विसोबा निदान एका गोष्टीत तरी पकडला गेला, शरमला, सुधारला. आमच्या अंगणातली गोष्ट कुठल्या पोथीत नाही, त्यामुळे शरमायची वेळ कुणावर आली नाही. इतके दिवस मी खापर फोडायला रोमन मालक, फ्रेंच जमीनदार, आळंदीचा चाटी शोधत होतो. सगळे सोयीस्कर लांबचे होते.

नवा स्टोन मी घेतला आहे. धूत नाही, खरवडतो. गार ओव्हनमध्ये ठेवतो आणि ओव्हनबरोबरच तापू देतो. एकदा त्यावर मांडा करायचा प्रयत्नही केला. चपट्या दगडावर तो जमत नाही. मांड्याला खापराची गोल पाठ हवी, म्हणजे पीठ स्वतःच्या वजनानं बाजूंनी ताणलेलं राहतं. माझ्या मांड्याच्या घड्या पडल्या, पुरण एका कडेला गोळा झालं. आजीनं ओटीजीच्या काचेतून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काय करून राहिला रे? पेटीत कोंडून कुठं मांडा होतो?"

मग आम्ही कसब्यातल्या कुंभारवाड्यात जाऊन एक खापर आणलं. स्टोनच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी किमतीत मिळालं. ते गॅसवर नीट बसत नाही आणि आमच्या सोसायटीत चूल पेटवायला परवानगी नाही. या आखाजीला ते गावी न्यायचं ठरलंय. लाकडं कुणाकडून घ्यायची, असं मी आजीला विचारलं. त्या बाईची नात गावात अंगणवाडी चालवते, असं ती म्हणाली. "तिला जेवायलाच बोलावू," मी म्हणालो.

आजीनं लगेच हो म्हटलं नाही. खापर उलटसुलट करून, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. तडा नव्हता.

"बोलाव," ती म्हणाली, "पण ती येईल का, ते तिला विचार."